अपेक्षित उत्तर : हौद

मास्तर होण्यासाठी विद्या लागते अशी एक अफवा आहे. आमच्या वेळी, म्हणजे मुंबई इलाखा थेट धारवाडापर्यंत पाय पसरून बसला होता तेव्हा, मास्तर होण्यासाठी टाचण लागायचं. उद्या वर्गात काय शिकवणार आणि कसं शिकवणार, याचा आदल्या दिवशी लिहून ठेवलेला बेत म्हणजे टाचण. एवढीच गोष्ट. पण धारवाडच्या ज्या ट्रेनिंग कॉलेजात मी उमेदवारी केली, तिथे टाचणाचा थाट असा, की एखाद्या संस्थानिकाच्या लग्नाची यादीही त्यापुढे धोब्याची चिठ्ठी वाटावी.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे शिक्षकाचे प्रश्न, उजवीकडे मुलांची 'अपेक्षित उत्तरं'. म्हणजे उद्या साडेअकराला एक नाक वाहणारं पोरगं काय बोलणार, ते आज मी लिहून ठेवायचं. कपाळावर लिहायला सटवाईसुद्धा पोर जन्मल्यावर सहा दिवस थांबते. आम्हाला तेवढीही सवड नव्हती. शिवाय तिचं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, आमचं मात्र मास्तर भिंग लावून वाचत.

हे मास्तर म्हणजे आमचे पद्धतीचे मास्तर. शिकवायचं काय ते इतर लोक सांगत, शिकवायचं कसं ते हे सांगत. गृहस्थ अस्सल पुण्याचे. धारवाडात येऊन डोक्यावरचे केस गेले, पण कन्नडातला एकच शब्द त्यांच्या कानात शिरला होता : 'री'. इथले लोक आदराने प्रत्येक वाक्याला 'री' लावतात एवढं त्यांना कळलं होतं आणि तेवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. आमच्या पाठाच्या वेळी ते वर्गात मागे बसत. मांडीवर आमचं टाचण, हातात तांबडी पेन्सिल. पोराचं उत्तर उजव्या बाजूशी जुळलं की बरोबरची खूण, नाही जुळलं की फुली. माझी टाचणं त्यांच्याकडून परत येत तेव्हा लढाईतून आल्यासारखी रक्तबंबाळ असत.

माझ्या फजितीला सुरुवात झाली ती गाईपासून. विषय गाय, वर्ग तिसरीचा. नियम असा, की मास्तराने 'गाय' हा शब्द आपण होऊन उच्चारायचा नाही. प्रश्न विचारून विचारून तो पोरांच्या तोंडून काढायचा, मग आश्चर्य वाटल्यासारखं करून म्हणायचं, "शाबास! आज आपण गाईची माहिती घेऊ." मी गंभीरपणे विचारलं, "सकाळी उठल्यावर तुम्ही काय पिता?" अपेक्षित उत्तर : दूध.

"चहा!" चाळीस तोंडं.

"बरं, चहात काय घालता?"

"गूळ!"

"आणखी?"

"आलं!"

"आणि पांढरं काय घालता?"

"पाव्हणे आले की साखर, री!"

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. इतका, की पहिल्या बाकावरच्या पोराने पाटी पुसायला तो वापरला असता तरी चाललं असतं. शेवटी नियम गुंडाळून मी दूध हा शब्द स्वतःच ओकलो. "अरे, चहात दूध घालतात. आता सांगा, दूध कोण देतं?"

मग मागच्या बाकावरून एक फुसकुली सुटावी तसं हसू आलं, आणि त्यामागोमाग सगळा वर्ग जमिनीवर. एक पोरगं हसता हसता बाकाखाली गेलं ते परीक्षेपर्यंत वर आलं नाही. मला काही कळेना. मी अधिकच आवाज चढवून विचारलं, "हसताय काय? दूध कोण देतं? बोला! कोण देतं?"

पुणेकर वाचकांसाठी सांगतो. कन्नडात 'कोण' म्हणजे रेडा.

मास्तरांनी टाचणाखाली लिहिलं : 'वर्गात विनाकारण हशा. शिक्षकाचा वचक नाही.' कारण सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "रेड्याचा इथे काय संबंध? तुमचा विषय गाय आहे."

त्यानंतर मी पाठ पाडण्याचा सपाटाच लावला. कापूस पडला, कुंभार पडला, दिशा पडल्या. पूर्व कुठली विचारल्यावर पोरांनी बेळगाव सांगितलं. मास्तर म्हणाले, "शेवटचा परीक्षेचा पाठ पडला, की तुम्हीही पडलात." आणि मी पडलो की कुठे पडणार ते ठरलेलं होतं. अळणावरला मामांची लाकडाची वखार होती. मामांनी स्टेशनवर निरोप देतानाच बजावलं होतं, "ट्रेंड होऊन आलास तर मास्तर. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून वखारीत. ओंडके मोजायचे, जळवा काढायच्या." अळणावरच्या जंगलातली जळू ज्याने पाहिली नाही त्याला ही धमकी कळायची नाही. तिथल्या जळवा माणूस आला की आपसात वाटणी करून घेतात, तंगडी तुझी, दंड माझा. मी रोज स्वप्नात स्वतःला त्यांच्यात वाटला जाताना बघत होतो.

माझ्या खोलीतला सोबती हुबळीचा. अंगाने गोल, डोक्याने त्याहून गोल, कारण कुठलीच काळजी त्यावर टिकत नसे. घरी मराठी, गल्लीत कन्नड, खानावळीत जे वाढतील ते. त्याचे पाठ मात्र लोण्यातून सुरी जावी तसे जात. परीक्षेला थोडे दिवस उरले तेव्हा मी त्याचे पाय धरले.

"अण्णा, वाचव. तू टाचण लिहितोस तरी कसं?"

"मी? मी उजवीकडनं लिहितो की."

"उर्दूसारखं?"

"अरे खुळ्या, तू आधी प्रश्न लिहितोस, मग उत्तराची वाट बघत बसतोस. पोरगं काय बोलणार ते आधी धर. ते उजवीकडे लिही. मग त्याला बसेल असा प्रश्न डावीकडे शिव. शिंपी काय करतो? आधी माप घेतो का आधी सदरा शिवून मग माणूस शोधतो?"

इतकी सोपी गोष्ट मला कॉलेजातल्या कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी सरावाच्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बसू लागलो, मापं घ्यायला. पोरं काय बोलतात, कशाला हसतात, कुठल्या प्रश्नाला तोंड शिवून बसतात, सगळं कानात भरून घेतलं. आणि एक शोध लागला. ही पोरं दोस्तांशी हजार गोष्टी बोलतात, पण मोठ्या माणसाने, त्यातून मास्तराने, काही विचारलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो. "जेवलास काय रे?" "हौद्री." "पाढे झाले?" "हौद्री." "काल शाळा बुडवलीस ना?" "हौद्री!"

हौदु म्हणजे होय, आणि आदराचा री. हौद्री. धारवाडचं पोरगं मोठ्या माणसाला नाही म्हणतच नाही. ते संस्कारात बसत नाही. आणि मास्तरांच्या कानाने त्यातला ओळखीचा री वेगळा काढला, की उरतो हौद.

मी खोलीवर धावत आलो आणि टाचणाच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहून काढला : हौद. हौद. हौद. मग डावीकडे त्याला बसतील असे प्रश्न शिवत बसलो. सोबत्याने ते वाचलं आणि पलंगावर पडून इतका हसला की पलंगाचा एक पाय कायमचा अधू झाला.

"वस्तुपाठ : हौद. पाणी साठविण्याचे साधन." मास्तरांनी विषय वाचला आणि प्रथमच त्यांच्या डोळ्यात माझ्याबद्दल माया आली. "हौद! अहो, आमच्या पुण्यात पेठेगणिक हौद! लहानपण गेलं आमचं हौदावर. चांगला विषय. प्रश्न जरा एकसुरी वाटतात, पण चालेल."

परीक्षेच्या दिवशी डिपोटीसाहेब आले. शाळा तपासणाऱ्या या प्राण्याला इन्स्पेक्टर म्हणावं असं सरकारचं म्हणणं, पण सगळा मुलूख डिपोटी म्हणे. मिशा अशा, की डावीकडच्या मिशीवर एक आणि उजवीकडच्या मिशीवर एक असे दोन कावळे सुखाने नांदले असते. मी त्यांची भाषा कान देऊन ऐकली. मराठी खणखणीत, थेट साताऱ्याकडची वाटावी अशी. माझा जीव भांड्यात पडला. मागच्या बाकांवर आम्हा उमेदवारांची फौज, त्यांच्यापुढे डिपोटीसाहेब, शेजारी तांबडी पेन्सिल घेऊन मास्तर.

मी घसा साफ केला. "मुलांनो, नदी लांब असली तर पाणी घरात साठवून ठेवावं लागतं, नाही का?"

"हौद्री!"

मास्तरांची पेन्सिल हलली. बरोबर.

"त्यासाठी परसात दगडाचं, चुन्याचं बांधकाम करतात ना?"

"हौद्री!"

बरोबर.

"घोडे येतात, बैल येतात, ते पाणी पितात की नाही?"

"हौद्री!" आता पोरांनाही चव लागली होती. चाळीस गळे, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, शेजारच्या वर्गाने आपला गुणाकार थांबवला. मास्तरांच्या आयुष्यात सगळी उत्तरं जुळलेला पाठ पूर्वी कधी झाला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की मला वाटलं, आता उठून पोरांबरोबर हेही ओरडणार. मी 'शाबास! आज आपण हौदाची माहिती घेऊ' म्हणायला खडू उचलला.

"थांबा मास्तर," डिपोटीसाहेब उठले. "पोरं हुशार दिसतात. मी दोन प्रश्न विचारतो." आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "हत्ती झाडावर चढतो ना रे?"

"हौद्री!"

मास्तरांची पेन्सिल सवयीने उठली आणि हवेत राहिली. बरोबर की फुली, त्यांना कळेना.

"आणि तुमचे हे मास्तर लबाड आहेत ना?"

"हौद्री!" हे जरा जास्तच मनापासून आलं.

मग डिपोटीसाहेब पहिल्या बाकावरच्या पोरासमोर वाकले आणि साताऱ्याची भाषा बाजूला ठेवून अस्सल गदगच्या कन्नडात म्हणाले, "हौद अंद्रे येनो तम्मा?" हौद म्हणजे काय रे बाळा?

माझ्या दंडावर पहिली जळू चढली.

पोरगं उभं राहिलं. "हौद म्हणजे होय की, री."

"ए, नाही री!" दुसऱ्या बाकावरची मुलगी उसळली. "हौद म्हणजे आमच्या परसात आहे ते."

"कन्नडात होय, मराठीत पाण्याचा!" तिसरा.

"मग मास्तर कुठल्यातलं विचारत होते?" चौथा.

एकदम सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. डिपोटीसाहेबांनी पाहिलं. मास्तरांनी टाचणातून मान वर काढून पाहिलं. मागच्या बाकावर माझा सोबती तोंडात उपरणं कोंबून बसला होता.

"दोन्हीतलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बरं," डिपोटीसाहेब म्हणाले, "पाठ चालू द्या. टाचण मात्र माझ्याकडे राहू दे." आणि मास्तरांच्या मांडीवरचे ते कागद उचलून त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात घातले.

माणसाला भर बाजारात धोतर काढून पुढे चालायला सांगावं तसं मला झालं. पुढचा प्रश्न कुठला, ठाऊक नाही. पण मला विचारायची गरजच पडली नाही. हौदाच्या मालकीणबाई तिथे हजर होत्या.

"आमच्या हौदाला खाली भोक आहे, मास्तर. आज्जी त्यात अरिवी कोंबते."

"आमच्यात चिंधी नाही, लाकडाची खुंटी आहे."

"खुंटी कुजते, री!"

"तुमची कुजत असेल."

मी फळ्यावर हौद काढला. तो नांदेसारखा झाला. पोरांनी तो दुरुस्त करायला लावला. एकाने तर येऊन माझ्या हातातला खडूच घेतला. मग ती आज्जीवाली मुलगी म्हणाली, "हौद भरलेला असला की अरिवी ओढून निघत नाही. अर्धा रिकामा झाला की निघते."

"का बरं?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारला कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. ट्रेनिंगच्या सगळ्या काळात मी विचारलेला हा असा पहिला प्रश्न. त्यावर जे भांडण लागलं, ते घंटा झाली तरी मिटेना. एक म्हणे, पाणी वरून बसतं. दुसरा म्हणे, पाणी काय माणूस आहे बसायला? तिसऱ्याने पहिल्याच्या डोक्यावर दप्तर ठेवलं, मग दोन दप्तरं, मग तीन, आणि विचारलं, "आता ऊठ बघू?" मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मीही पहिल्या बाकावर बसून बघत होतो, तो उठतो का.

पोरं बाहेर गेल्यावर डिपोटीसाहेबांनी माझ्यासमोर कोरे कागद टाकले. "आता लिहा टाचण."

"साहेब, पाठ तर झाला."

"म्हणूनच. आता पोरं काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. उजवी बाजू लिहा."

मी लिहीत बसलो. उजवी बाजू पानावर मावेना, रेघ ओलांडून डावीकडे शिरली, मागच्या पानावर गेली. खिडकीत पोरांचे घोस लटकले होते. "मास्तर, मी चिंधी नाही म्हटलं, अरिवी म्हटलं!" मी चिंधी खोडून अरिवी लिहिलं. डिपोटीसाहेबांनी ते वाचलं, मिशीतल्या मिशीत काहीतरी केलं, ते हसू होतं की ठसका हे अजून ठरायचं आहे, आणि खाली सही ठोकली. "माझ्याकडून पास. पण नियमाप्रमाणे दोन सह्या लागतात. दुसरी तुमच्या मास्तरांची." आणि टांग्यात बसून दुसऱ्या शाळेला छळायला निघून गेले.

आता उरलो मी आणि मास्तर. सबंध वर्गासमोर मी त्यांच्याकडून खोट्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा करवून घेतल्या होत्या. ते खिडकीशी पाठमोरे उभे. मी तो कागद पुढे करून उभा. एकेक क्षण ओंडक्यासारखा जड.

"हौद म्हणजे होय," ते अखेर म्हणाले, खिडकीला.

"हो, सर."

"नक्की?"

"नक्की."

ते वळले. चेहरा पांढराफटक. "अहो, आमचा गवळी! मी त्याला कितीदा विचारलं, बाबा, दुधात पाणी घालतोस का? तो दर वेळी हात जोडून म्हणतो, हौद्री. मला वाटायचं, पाणी कुठलं ते सांगतोय! मी हिला म्हणायचो, जाऊ दे, हौदाचं पाणी वाईट नसतं!"

मी हसलो नाही. त्या दिवशी मी जे हसलो नाही, त्या पराक्रमाबद्दल मला खरं तर पदक मिळायला हवं होतं.

"सर, सही," मी म्हटलं.

"उद्या सकाळी घरी या. त्या गवळ्याला तुमच्या कन्नडात विचारा. आधी त्याचा निकाल, मग तुमचा."

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माझं सगळं भवितव्य आता एका अनोळखी गवळ्याच्या चरवीत होतं. त्याने पाणी कबूल केलं तर मास्तर चिडणार, आणि चिडलेला माणूस सही करत नाही. नाकारलं तर मास्तर म्हणणार, तुम्हाला कन्नड येत नाही, हौद म्हणजे हौदच.

सकाळी गवळी आला. मास्तर उंबऱ्यात, मागे बाई पातेलं घेऊन, मी पायरीवर. मास्तरांनी मला डोळ्याने खूण केली. रात्री सोबत्याकडून घोकून घेतलेलं वाक्य मी चांगल्या ठसक्यात विचारलं, "हालाग नीर हाकतीयेन?" दुधात पाणी घालतोस काय?

गवळी दचकला. या दारात त्याला कन्नडातून कुणी असं विचारलेलं नव्हतं. त्याने चरवी खाली ठेवली, कानाच्या पाळीला हात लावला, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "देवराणे, इल्लरी यप्पा!"

"काय म्हणतो?" मास्तर.

"देवाशपथ नाही म्हणतो."

मास्तरांनी वाकून चरवीत डोकावलं. मग कोटाच्या खिशातून त्यांनी तांबडी पेन्सिल काढली, माझा कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही करता करता म्हणाले, "इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी खरं बोलत होता हो. आज पहिल्यांदा खोटं बोलला. हे तुमच्या शिक्षणाचं फळ." आणि आत वळून बाईंना म्हणाले, "घ्या दूध. यांनाही चहा टाका. मास्तर झालेत ते."